उत्तर नाहीं, कीं उत्तर सांपडलें नाहीं?

गणिताच्या अध्यापनांत ज्यांचीं बरींच वर्षें गेलीं आहेत त्यांस एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती ही कीं, विद्यार्थ्याला 'या प्रश्नास उत्तर नाहीं' असें सांगणें जितकें सोपें, तितकें 'याचें उत्तर आम्हांस सांपडत नाहीं' असें सांगणें सोपें नाहीं. पहिल्या वाक्यानें वर्ग शांत होतो. दुसऱ्यानें आपली प्रतिष्ठा डळमळेल अशी भीति वाटते. या भीतीला आम्हीहि एकदा बळी पडलों आहों. फळ्यावर एक समीकरण सोडवितांना दोन्ही बाजूंस 'क्ष'नें भागून आम्ही पुढें चाललों, तोंच मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, क्ष शून्य असेल तर?" "तो प्रश्न येथें उद्भवत नाहीं," असें उत्तर देऊन आम्ही खडू पुढें चालविला. तो प्रश्न तेथेंच उद्भवत होता. समीकरणाचें एक मूळ आम्ही भर वर्गांत गिळून टाकलें होतें, आणि दुसरे दिवशीं ती चूक कबूल करण्याचें धैर्यहि आम्हांस झालें नाहीं.

ही जुनी आठवण आज होण्याचें कारण एक यंत्र आहे. अंकांची नुसती बेरीज-वजाबाकी न करतां अक्षरांचें बीजगणित करणारे संगणकाचे कार्यक्रम आतां सर्वत्र वापरले जातात. त्यांपैकीं कांहींची घडण सर्वांस खुली आहे. मूळच्या 'मॅक्सिमा'पासून निघालेला असें कोणी समजूं नये, परंतु त्याच्याच पंक्तींत बसणारा 'सिम्पाय' हा असाच एक कार्यक्रम होय. तो कोणीहि फुकट घ्यावा, उघडून पाहावा आणि चूक आढळल्यास दुरुस्ति सुचवावी. आमच्या इकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनींहि त्याच्या सुधारणेस हातभार लावला आहे. समीकरणें सोडविण्याचें त्याचें जुनें साधन म्हणजे 'सॉल्व्ह'. 'साइन क्ष बरोबर शून्य' हें समीकरण त्यास दिलें, तर तें शून्य आणि पाय अशीं दोन उत्तरें देऊन थांबतें. वास्तविक उत्तरें अनंत आहेत. दिलेलीं दोन खोटीं नाहींत. पण हीं सर्व नव्हेत, हें यंत्र सांगत नाहीं. एखाद्या राशीची कमाल किंवा किमान किंमत काढावयाची असेल, तर तिच्या भैदिकाचीं सारीं मूळें हातीं आलीं कीं नाहीं हें कळलेंच पाहिजे. एक मूळ निसटलें तर हिशेब निर्दोष दिसतो आणि निर्णय मात्र चुकतो.

म्हणून २०१४ च्या सुमारास 'सॉल्व्हसेट' नांवाचें दुसरें साधन रचण्यास आरंभ झाला. त्याचा बाणा निराळा. उत्तरें अनंत असतील तर तें अनंतांचा संच सांगतें. उत्तर नाहीं असें ठरलें तर रिक्त संच देतें. 'क्ष बरोबर कोसाइन क्ष' यासारखें समीकरण पुढें आलें आणि त्याची रीति चालली नाहीं, तर 'हें समीकरण ज्या ज्या क्षनें सिद्ध होईल अशा संख्यांचा संच' एवढेंच तें बोलतें. कोणी म्हणेल, हा तर आमचाच प्रश्न आम्हांस परत केला! खरें आहे, परंतु 'नाहीं' आणि 'सांपडलें नाहीं' यांतील सीमारेषा त्यानें पुसली नाहीं. या समीकरणाचें मूळ सुमारें ०.७३९०८५ आहे, आणि तें अंकगणिती रीतीनें कोणासहि काढतां येतें. येथें रिक्त संच सांगणें म्हणजे निव्वळ असत्य झालें असतें.

हा विवेक आमच्या परंपरेस नवा नाहीं. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत वानरांचीं दोन उदाहरणें आहेत. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत खेळतो आणि बारा वानर टेंकडीवर आहेत, तर एकंदर किती? येथें ४८ आणि १६ हीं दोन्ही उत्तरें आचार्यांनीं मान्य केलीं. दुसऱ्या उदाहरणांत पंचमांशांतून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेंत गेला आणि एक दिसला. येथें ५० आणि ५ अशीं उत्तरें येतात. परंतु पांचाच्या पंचमांशांतून तीन वजा जात नाहींत, सबब दुसरें उत्तर त्यांनीं टाकलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांनीं तें लपविलें नाहीं; सांगितलें आणि सकारण टाकलें. गिळणें आणि टाकणें यांत हाच भेद आहे.

आतां दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. पुलाची तुळई आंखणाऱ्या मनुष्यास तत्त्वज्ञान नको, आंकडा हवा; तो म्हणेल, शंभरांत नव्वद वेळां उपयोगी पडणारें जुनें साधन बरें. शिवाय त्या साधनावर विसंबून असंख्य लोकांनीं आपले कार्यक्रम लिहिले आहेत. उत्तराचें रूप एका रात्रींत बदलणें हाहि एक वचनभंगच होय. म्हणूनच जुनें आणि नवें अशीं दोन्ही साधनें आज शेजारीं शेजारीं नांदत आहेत. ही तडजोड आम्हांस भित्रेपणाची वाटत नाहीं. मात्र उपयुक्ततेच्या नांवाखालीं मौनास सत्य म्हणूं नये, एवढी अट तिला असावी.

कारण हें अज्ञान केवळ आळसाचें नाहीं. परिमेय संख्या, पाय, दोनाचा लॉगरिथम, साइन, घातांक आणि केवल मूल्य यांनीं बनलेली कोणतीहि राशि सर्वत्र शून्य आहे कीं नाहीं हें नेमकें ठरविणारी सार्वत्रिक रीति असूंच शकत नाहीं, हें रिचर्डसन यांनीं १९६८ सालीं सिद्ध केलें. तेव्हां कोणतेंहि यंत्र, कितीहि सुधारलें तरी, कोठें तरी 'मला ठरवितां येत नाहीं' असें म्हणण्यावांचून सुटणार नाहीं. सुधारणेचीं मापें म्हणून दोन असावींत: किती समीकरणें सुटलीं हें एक, आणि न सुटलेल्यांविषयीं साक्ष किती खरी दिली हें दुसरें. पहिलें वाढवितांना दुसरें घटलें, तर ती सुधारणा नव्हे.

आम्ही त्या मुलीस उत्तर दिलें तेव्हां आमच्यापाशीं ज्ञान कमी नव्हतें; शून्यानें भागूं नये हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. उणीव निराळ्याच गोष्टीची होती. ती भरून काढण्यास मोठें गणित लागत नाहीं. 'तुझा प्रश्न बरोबर आहे. थांब, एक मूळ राहिलें,' एवढें वाक्य पुरें होतें.