पाचवे अणुव्रत आणि प्रिंट स्पूलर

विंडोजच्या घरगुती संगणकात प्रिंट स्पूलर नावाची एक सर्व्हिस असते. छापायला दिलेली पाने रांगेत लावून एकेक करून प्रिंटरकडे धाडायची, एवढेच तिचे काम. घरात प्रिंटर असो वा नसो, संगणक सुरू झाला की ती सुरू होते, आणि तीही सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकारानिशी. २०२१च्या जुलैमध्ये तिच्यातल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीचा बोभाटा झाला. या सर्व्हिसचे अधिकार वापरून परक्या माणसाला अख्खा संगणक ताब्यात घेता येत होता. दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने जे उपाय सुचवले त्यांतला एक अगदी सरळ होता: स्पूलर बंद करून टाका. छपाई थांबेल, धोकाही थांबेल. म्हणजे वस्तू एकच, फाइल तीच, मेमरीही तेवढीच. मुलांचे शाळेचे प्रकल्प छापणाऱ्या घरात ती साधन, आणि शेजारच्या प्रिंटर नसलेल्या घरात निष्कारण बाळगलेली जोखीम. संग्रह कशाला म्हणायचे, हा आपल्याकडच्या धर्मचिंतनातला जुना प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच समोर येतो.

या प्रश्नाचा कीस पाडला तो जैन परंपरेने, आणि तोही आपसांत वाद घालून. अपरिग्रह हे पाच महाव्रतांतले शेवटचे. पण परिग्रह वस्तूत असतो की वस्तूत गुंतलेल्या मनात? उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य आहे, आणि त्यात परिग्रहाची ओळख मूर्च्छा, म्हणजे ‘हे माझे’ या भावनेतली बेशुद्धी, अशी करून दिली आहे. त्यावरून श्वेतांबर म्हणतात, मुनीचे वस्त्र आणि पात्र ही संयमाची उपकरणे. त्यांत जीव अडकला नसेल तर तो परिग्रह नव्हे. दिगंबरांना हे पटले नाही. वस्त्र ठेवले की ते धुणे आले, फाटले तर दुसरे मागणे आले, हरवेल ही धास्ती आली. आसक्ती नाही असे नुसते म्हटल्याने ही साखळी तुटत नाही. मात्र दिगंबर मुनीही अगदीच रिकाम्या हाताचा नसतो. जीवजंतू अलगद दूर करायला मोरपिसांची पिंछी, शुद्धीसाठी कमंडलू आणि स्वाध्यायासाठी शास्त्र, एवढे त्याच्यापाशी असते. काहीच ठेवू नये, असे कुणीच म्हणत नाही. वाद आहे तो काय ठेवायचे आणि कोणत्या हिशेबाने ठेवायचे याचा.

संगणक हलका करण्याच्या खटाटोपात हाच वाद शास्त्रार्थाचे नाव न घेता रोज चालतो. कॉम्प्युटर स्लो झाला, हँग होऊ लागला की फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकायची, आणि ती टाकली की नको ते सगळे उपटून काढणारी एखादी ‘डीब्लोट’ स्क्रिप्ट चालवायची, असा आता शिरस्ताच पडला आहे. त्यापुढचे विरक्त लिनक्सकडे वळतात आणि आर्च किंवा जेंटूत एकेक पॅकेज स्वतः निवडून सिस्टीम उभी करतात. या सगळ्यांची भाषा त्यागाची असते आणि मोजमाप आकड्यांचे: किती प्रोसेस चालू आहेत, मेमरी किती मोकळी आहे. माझे म्हणणे असे की घरच्या संगणकाला हे मुनिव्रत लावणे मुळातच चूक आहे. तो गृहस्थाचा आहे, आणि गृहस्थासाठी त्याच परंपरेने वेगळे व्रत सांगितले आहे: परिग्रह-परिमाण, म्हणजे पाचवे अणुव्रत. आपल्याला किती लागते ते आधी ठरवायचे, तेवढी मर्यादा घालून घ्यायची, आणि मर्यादेच्या आत जे येईल त्याची जबाबदारी उचलायची. आणखी काय सोडता येईल, हा मुनीचा प्रश्न झाला. गृहस्थाचा प्रश्न वेगळा: हे मी कशासाठी ठेवले आहे?

आकड्यांवर विसंबणे किती फसवे आहे ते मेमरीवरूनच कळते. लिनक्स काय किंवा विंडोज काय, मोकळी मेमरी नुसती पडू देत नाहीत. डिस्कवरून वाचलेल्या फायली तिथे हाताशी ठेवतात आणि एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली की लगेच सोडून देतात. लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली की ‘फ्री’ आणि ‘अव्हेलेबल’ असे दोन वेगळे रकाने दिसतात ते यामुळेच. पहिल्या रकान्यातला बारीक आकडा पाहून धास्तावणारा आणि विंडोजमध्ये फायली आधीच मेमरीत आणून ठेवणारी सिसमेन सर्व्हिस बंद करून मेमरी ‘वाचवणारा’, दोघे एकाच गैरसमजाचे बळी. उलट आकड्यांत जवळपास न दिसणारी गोष्ट काढली की घर अडते. सीटीएफमॉन हा छोटासा प्रोग्राम विंडोजमध्ये भाषापट्टी आणि टंकलेखनाच्या वेगवेगळ्या पद्धती सांभाळतो. एक्सपीच्या काळापासून ‘बेलाशक बंद करा’ अशा याद्यांमध्ये त्याचे नाव आढळते, कारण याद्या करणाऱ्यांना एकाच भाषेत टंकायचे असते. इंग्रजीवरून मराठी इन्स्क्रिप्टवर आणि परत अशी ये-जा त्यांच्या घरात नसते. मंगल फॉन्टचीही हीच गत. विंडोज १०पासून तो मूळ संचातून निघून देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला. हलकेपणाच्या भरात ते पूरक फॉन्ट काढले की मंगलमध्ये टंकलेली जुनी पत्रे दुसऱ्याच वळणात उघडतात, ओळी सरकतात, तीन पानांचा मजकूर चौथ्या पानावर सांडतो. वाचले काय, तर थोडे एमबी. इथे मूर्च्छा गेलेली नाही, तिने नुसते घर बदलले आहे. आधी जीव वस्तूत अडकला होता, आता हलकेपणात अडकला. दर महिन्याला नवी लिनक्स टाकून पाहणाऱ्याच्या डिस्कवर काही साचत नाही हे खरे, पण त्याच्या डोक्यात दुसरे काही शिरतही नाही.

मग श्वेतांबरांचा अर्थ घेऊन मोकळे व्हावे का? डिस्कवर काय पडले आहे ते पडू दे, आपला जीव त्यात नाही, असे म्हणून चालेल का? इथे मात्र दिगंबरांचा आक्षेप संगणकाच्या इतिहासाने खरा करून दाखवला आहे. फायलींची देवाणघेवाण करण्यासाठी एसएमबी नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९८०च्या दशकातली. नव्या आवृत्त्या आल्या तरी ती विंडोजमध्ये मागच्या दाराशी बसून राहिली. ती वापरू नका, असे मायक्रोसॉफ्टमधूनच २०१६ साली सांगितले जात होते. मार्च २०१७मध्ये तिच्यातल्या भोकाला ठिगळही आले. तरी १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच वाटेने घुसला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. बाधित संगणकांच्या मालकांपैकी किती जणांची या पद्धतीवर आसक्ती होती? बहुतेकांना तिचे नावही ठाऊक नसणार. आसक्ती शून्य, आणि तरी ओझे पुरेपूर.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसले की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याचा माग काढता काढता एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर पेरलेले चोरदार हाती लागले. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. एसएसएचच्या मूळ प्रोग्रामला एक्सझेडची गरजच नाही. पण काही लिनक्स वितरणांनी एसएसएच तयार झाल्याची वर्दी सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टीमडीला द्यावी म्हणून त्याला सिस्टीमडीचा एक संच जोडला होता, आणि त्या संचामागून एक्सझेड आत आले. एक छोटीशी सोय हवी होती. तिच्या पाठोपाठ न बोलावलेला पाहुणा थेट तिजोरीच्या खोलीत जाऊन बसला. वस्त्राबरोबर धुणे येते आणि धुण्याबरोबर पाणी, ही जी साखळी दिगंबर आचार्य दाखवत होते, ती इथे ओळीन् ओळ तपासून पाहता येते.

तेव्हा परिग्रह आकारातही नाही आणि निव्वळ मनातही नाही. तो त्या दोहोंमधल्या नात्यात आहे: जे ठेवले त्याची राखण आपल्यावर पडते, आणि ज्याचे प्रयोजन सांगता येत नाही त्याची राखण नीट होत नाही. जैन ग्रंथांनी रौद्रध्यानाच्या, म्हणजे क्रूर चिंतनाच्या, चार प्रकारांत हिंसा, असत्य आणि चोरी यांच्या पंक्तीला विषयसंरक्षण, म्हणजे कमावलेले जपत बसण्याची चिंता, बसवले आहे. पहिल्यांदा वाचताना ते जरा अतिरेकी वाटते. पण अँटिव्हायरसवर दुसरा अँटिव्हायरस आणि त्या दोघांना वेगवान करणारा तिसराच ‘क्लीनर’ टाकलेला संगणक पाहिला की त्यातली दृष्टी पटते. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांची जुनी यादीही पाहण्यासारखी आहे. शेत, घर, सोने, चांदी, धान्य, कपडे, भांडी यांच्याबरोबर तिच्यात दास-दासीही आहेत. माणसांना मालमत्तेत गणणे आज खुपते, आणि खुपायलाच हवे. तरी त्या यादीने एक भेद ओळखला होता: काही परिग्रह नुसता पडून असतो, आणि काही आपल्या नावाने कामे करत फिरतो. डिस्कवर पडलेले जुने फोटो पहिल्या जातीचे. सर्वाधिकार घेऊन चालणारी सर्व्हिस दुसऱ्या जातीची, आणि तिच्या करणीचा जाब मालकाला द्यावा लागतो. म्हणून छाटणीला बसणाऱ्याने फोटोंच्या फोल्डरकडे जाण्याआधी स्टार्टअपची यादी उघडावी.

यावर कुणी म्हणेल, एवढे अध्यात्म कशाला? संगणक जलद व्हावा, इतकीच माफक इच्छा आहे. असेल, पण मग ती इच्छा पूर्ण झाल्यावर हात थांबायला हवा, आणि तो थांबत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जो फरक पडतो, त्याच्यापुढे पन्नास सर्व्हिसेस बंद करून मिळणारा वेग किरकोळ असतो. हे ठाऊक असूनही माणसे रजिस्ट्री विंचरत बसतात, तेव्हा प्रश्न वेगाचा उरलेला नसतो. दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा: व्रत जीवासाठी आहे, यंत्रासाठी नाही. तेही कबूल. पण गृहस्थाच्या मर्यादेच्या यादीत भांडी आली ती भांड्यांच्या उद्धारासाठी नव्हे. ज्या काळात घरात जे साठत होते ते यादीत आले. आज घरातला मोठा साठा अदृश्य आहे, म्हणून तो यादीबाहेर ठेवावा याला आधार दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. विंडोजमधल्या शेकडो सर्व्हिसेसचे प्रयोजन सामान्य माणसाने कुठून जाणायचे? कंपनीने जे दिले ते तज्ज्ञांनीच ठरवले असणार, तेव्हा निमूटपणे ते ठेवणेच शहाणपणाचे नाही का? अर्धी गोष्ट खरी आहे. न समजलेली सर्व्हिस यादी वाचून बंद करणे हे अज्ञानच, आणि घरातल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. पण कंपनीची आधीची निवड तटस्थ असते हे मानता येत नाही. विंडोज ११च्या होम आवृत्तीने सुरुवातीपासूनच मायक्रोसॉफ्ट खात्याची अट घातली. इन्स्टॉल करताना ठिकाण, निदानासाठीची माहिती, जाहिरातींसाठीची ओळख असे पर्याय एका पडद्यावर येतात, आणि ते सहसा होकाराकडे झुकवलेले असतात. ‘पुढे’ दाबत जाणारा माणूस काही नाकारत नाही, म्हणजे त्याने ते स्वीकारले असा अर्थ लावला जातो. याउलट डेबियनचा इन्स्टॉलर एका टप्प्यावर थांबून विचारतो: डेस्कटॉप हवा का, हवा तर कोणता, वेब सर्व्हर हवा का, एसएसएच हवे का. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी घ्यायचे आणि मग नको ते काढत बसायचे, यात व्रत कुठेच येत नाही, नुसती आवराआवर होते. आधी विचारल्यावर मर्यादा घालता येते. त्यासाठी शेकडो सर्व्हिसेस माहीत असण्याची गरज पडत नाही, घरातली कामे माहीत असली की पुरते: मराठी-इंग्रजी टंकलेखन, बँक, मुलांचा अभ्यास, फोटो, छपाई असेल तर छपाई. विंडोज घेणाऱ्यालाही ही यादी इन्स्टॉल करण्याआधी कागदावर करता येते. इन्स्टॉलर विचारत नसेल तर आपणच स्वतःला विचारायचे.

मर्यादा एकदा घालून भागत नाही, हेही परंपरेला ठाऊक होते. पुढचे नाकारण्यासाठी प्रत्याख्यान आणि मागचे तपासण्यासाठी प्रतिक्रमण, ही दोन्ही सहा आवश्यकांत, म्हणजे नित्य कर्तव्यांत, आहेत. आणि प्रतिक्रमण रोजचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे, वर्षाचे असे आहे. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्या टाकताना कोणता प्रोग्राम आता कुणीच उघडत नाही एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

एक अडचण मात्र या व्रताने पूर्ण सुटत नाही. अणुव्रत एकेकट्या माणसाचे असते आणि घरचा संगणक चौघांचा. एकाने घातलेली मर्यादा बाकीच्यांवर का पडावी? करणे, करवणे आणि करण्याला अनुमोदन देणे या तिन्हींत कर्म मोजले जाते, म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला सिस्टीमच्या भागापुरते हात झटकता येत नाहीत: कोणती सर्व्हिस सर्वाधिकाराने चालावी, कोणते खाते कशाला जोडावे, हे त्याने ठरवावे आणि बाकीच्यांना सांगावे. पण प्रत्येकाच्या नावाचे जे वेगळे फोल्डर आहे तिथे त्याची हद्द संपते. आजोबांच्या दहा वर्षांच्या भजनांच्या फायली, त्यांतल्या निम्म्या दोनदा उतरवलेल्या, त्याला कितीही खुपल्या तरी त्या काढायच्या की नाही हे आजोबांनीच ठरवायचे. आणि मंगल फॉन्टही त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही.