स्वभाव एकट्याचा की संगतीचा?

वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. जैन विद्येच्या अभ्यासकांसाठी ते पोथ्यांचे गाव आहे. सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर भट्टारक परंपरांची इथे पीठे होती, आणि इथल्या मंदिरांनी हस्तलिखितांची भांडारे पिढ्यानपिढ्या सांभाळली. प. ल. वैद्य आणि हिरालाल जैन यांनी 1930 च्या दशकात अपभ्रंश काव्ये संपादून ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त छापली, ती याच वारशाच्या बळावर.

या परंपरेला पायाभूत असलेला ग्रंथ म्हणजे उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र. त्याच्या पाचव्या अध्यायात जड द्रव्याचा विचार करताना एक रोखठोक प्रश्न हाताळला आहे: दोन परमाणूंचा बंध कशामुळे होतो? त्यांच्यातल्या स्निग्धतेमुळे आणि रूक्षतेमुळे, असे सूत्रकार सांगतात. हे गुण अंशाअंशांनी कमीजास्त असतात. अगदी किमान अंश असलेल्या परमाणूंचा बंध होत नाही. एकाच गुणाचे (दोन्ही स्निग्ध किंवा दोन्ही रूक्ष) आणि समान अंशांचे परमाणूही जुळत नाहीत; अशा बंधासाठी अंशांत फरक लागतो.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, मालेगाव किंवा रिसोडच्या शाळेत दहावीतली मुले ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा शिकतात, तेव्हा त्यांच्यासमोरही अंशांचाच खेळ असतो. तिसऱ्या आवर्तात सोडिअमपासून क्लोरीनपर्यंत डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार घटत जातो: सोडिअमची त्रिज्या 186 पिकोमीटर, क्लोरीनची 99. केंद्रकातले प्रोटॉन एकेकाने वाढतात, पण बाहेरचे कवच तेच राहते. साहजिकच इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. गणात वरून खाली उतरताना दर पायरीला नवे कवच येते, आकार वाढतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड सैल होते. केरोसीनमधून काढलेला सोडिअमचा तुकडा सुरीने कापला की आतला चकाकता पृष्ठभाग बघता बघता काळवंडतो. त्याच गणात खाली असलेले पोटॅशिअम पाण्यात पडले तर जांभळट ज्योतीने पेटतेच.

हे सारे परीक्षेत चार गुणांचे उत्तर म्हणून लिहिले जाते. पण या धड्याच्या पोटात भारतीय दर्शनांनी शतकानुशतके लढवलेला एक वाद दडला आहे: वस्तूचा स्वभाव तिच्या आत असतो, की तो इतरांशी असलेल्या नात्यातून घडतो?

वैशेषिक दर्शनाच्या मते पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांचे परमाणू मुळातच वेगवेगळ्या जातीचे, प्रत्येकाचा विशेष त्याच्यापाशी. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी उलट टोक गाठले: कशालाच स्वतःचा असा स्वभाव नाही, जे आहे ते परस्परावलंबी. जैन दर्शन तिसऱ्या वाटेने गेले. परमाणू सगळे एकाच जातीचे. त्यांच्यातला फरक गुणांच्या अंशांचा आणि बदलत्या पर्यायांचा, म्हणजे अवस्थांचा.

आवर्तसारणी या वादात साक्ष देऊ शकते, कारण तिच्यात दोन वेगळ्या प्रकारची मोजमापे शेजारी शेजारी नांदतात. पहिले आयनीभवन ऊर्जेचे. वायुरूपातल्या एकट्या अणूपासून इलेक्ट्रॉन सोडवायला किती ऊर्जा लागते, याचे हे माप. सोडिअमसाठी ते मोलमागे 496 किलोज्यूल आहे, क्लोरीनसाठी 1251. इथे अणूला कोणाचीही संगत नाही. जे काही मोजले, ते त्याचे स्वतःचे. दुसरे माप विद्युतऋणतेचे, 1932 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी मांडलेले. रेणूत दुसऱ्या अणूशी बंध झाल्यावर सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची ताकद म्हणजे विद्युतऋणता. पॉलिंग यांनी ती बंधांच्या ऊर्जांवरून काढली; जोडीदाराशिवाय त्यांच्या मापाला अर्थच नाही. सोडिअम 0.93, क्लोरीन 3.16. निऑन या फरकाचा उत्तम साक्षीदार. त्याची आयनीभवन ऊर्जा तब्बल 2081, पण तो कोणाशी संयुगच करत नसल्याने पॉलिंग यांच्या श्रेणीत त्याला अंक नाही.

एक माप एकांतातले, दुसरे संगतीतले. तरीही दोन्ही आवर्तात उजवीकडे साधारण वाढतात आणि गणात खाली साधारण घटतात. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना 1962 मध्ये याच दुव्याचा उपयोग झाला. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन काढून घेते, हे त्यांना आढळले होते. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा 1175 आणि झेनॉनची 1170. मग झेनॉन का नाही? त्यांनी प्रयोग केला आणि ‘निष्क्रिय’ म्हणवल्या जाणाऱ्या वायूचे संयुग हाती आले. एकट्या अणूच्या अंकाने त्याच्या नात्याचे भाकीत केले होते.

म्हणूनच जैनांची सत्ची, म्हणजे अस्तित्वाची, व्याख्या इथे विचारात घेण्याजोगी ठरते: जे उपजते, नाश पावते आणि तरी टिकून राहते, ते सत्. सोडिअम क्लोरीनला भेटतो तेव्हा त्याचा धातुपणा जातो आणि आयन जन्माला येतो, पण केंद्रकातले 11 प्रोटॉन जिथल्या तिथे राहतात. पाण्यात भडकणारा धातू आणि भाजीतले मीठ हे त्याच मूलद्रव्याचे दोन पर्याय. हायड्रोजन तर क्लोरीनजवळ धनप्रभारित होतो आणि सोडिअमजवळ ऋणप्रभारित. ‘हायड्रोजन कसा आहे?’ या प्रश्नाला ‘कोणाच्या अपेक्षेने?’ हे विचारल्याखेरीज उत्तर नाही. यालाच अनेकान्त म्हणतात. त्यात ‘काहीही चालेल’ असा ढिलेपणा नसतो; अपेक्षा, म्हणजे संदर्भ, ठरली की उत्तरही ठाम असते.

मात्र इथून ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते’ अशी उडी मारणे ग्रंथावर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय आहे. सूत्रांतला परमाणू अविभाज्य आहे, रसायनशास्त्राच्या अणूला केंद्रक आणि कवचे आहेत. सूत्रे एकाच गुणाच्या समान अंशांचा बंध नाकारतात. हवेतल्या नायट्रोजनचे दोन तंतोतंत सारखे अणू मात्र अत्यंत बळकट बंधाने जोडलेले असतात. शिवाय आवर्तसारणीचे कल स्वतःच्या अपवादांसह येतात: ॲल्युमिनिअमची आयनीभवन ऊर्जा मॅग्नेशिअमपेक्षा कमी, सल्फरची फॉस्फरसपेक्षा कमी. हे अपवाद मोजमापातून कळले, तर्काने नव्हे.

शिवाय सूत्रांच्या अर्थावरही एकमत नाही. शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्रही वाशीम जिल्ह्यातच, मालेगाव तालुक्यात. तिथल्या मंदिरावरून दिगंबर आणि श्वेतांबर या जैन पंथांमधला वाद पार प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला होता. तत्त्वार्थसूत्र दोघांनाही मान्य, पण बंधाच्या सूत्रांचा अर्थ दोघे वेगळा लावतात. एक स्निग्ध आणि एक रूक्ष अशा समान अंशांच्या परमाणूंचा बंध श्वेतांबर टीकाकार मानतात, दिगंबर मानत नाहीत. अर्थाच्या या मतभेदाने कोणाचे नुकसान झाले नाही. उलट टीकाग्रंथ समृद्ध झाले.

जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांनी हा धडा शिकवताना एक तास या प्रश्नाला द्यावा. आयनीभवन ऊर्जा आणि विद्युतऋणता यांचे अंक फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि अणूचा स्वभाव यांपैकी कोणत्या स्तंभात आहे, हे मुलांना विचारावे. मुलांनी दोन्ही स्तंभांकडे बोट दाखवले, तर ते उत्तर बरोबर धरावे.