विधवेने भीक मागितली नाही



आजच्या शुभवर्तमानातील (लूक 18:1-8) विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. ती भीक मागत नाही, न्याय मागते. तो देवाला भीत नाही, माणसांना जुमानत नाही. तरी तिच्या चिकाटीपुढे त्याला नमावे लागते. प्रभू येशूने हा दाखला अखंड प्रार्थना शिकवण्यासाठी सांगितला, आणि त्यासाठी निवडली ती न्यायासाठी पायऱ्या झिजवणारी एक गरीब बाई.

कोरोनाचे दिवस आठवा. 2020 च्या टाळेबंदीत आपल्या पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाने मजूर पायी गावाकडे निघाले होते. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट वाढत असताना राज्य सरकारने कडक निर्बंधांबरोबर 5,476 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. रेशनवर महिनाभर माणशी 3 किलो गहू व 2 किलो तांदूळ मोफत; नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार व फेरीवाल्यांना 1,500 रुपये; आदिवासी कुटुंबांना खावटीचे 2,000 रुपये. ही मदत मोलाची होती. पण ज्याचे नाव नोंदवहीत नाही, त्याने काय करावे? कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी आपली शेतमजूर बहीण कोणत्या वहीत सापडते?

आपत्तीत मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य देण्याची तरतूद 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात होतीच. तरीही कोरोनाच्या मृतांसाठी रक्कम ठरत नव्हती. शेवटी वकील मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. 30 जून 2021 रोजी न्यायालयाने हे कर्तव्य टाळता येणार नाही असे बजावले, आणि पुढे प्रत्येक मृतामागे 50,000 रुपये ठरले. कायदा कागदावर होता. पण कोणीतरी दार ठोठावल्यावाचून तो विधवेच्या घरी पोहोचला नाही.

कोणी म्हणेल, फादर, हे राजकारण आहे. चर्चने प्रार्थना करावी. पहिल्या वाचनात (निर्गम 17:8-13) मोशे हात उंचावून उभा आहे. हात थकतात, तेव्हा अहरोन व हूर ते धरून ठेवतात. खाली यहोशवा लढतोच आहे. प्रार्थना आणि श्रम, दोन्ही एकाच दिवशी, एकाच लोकांसाठी चालले होते.

साथ कधीतरी पुन्हा येईल. तेव्हा घाईघाईने मागण्यापेक्षा आजच मागू या. आपल्या आमदारांना व खासदारांना साध्या भाषेत पत्र लिहा. हाताचे काम बंद होताच घरात धान्य व रोख मदत यावी, नोंदणी नसलेल्यांची यादी ग्रामसभेने करावी, विधवेला व अनाथ लेकरांना कचेऱ्यांचे खेटे पडू नयेत, आणि हे सारे कायद्यानेच आधी ठरलेले असावे, एवढेच मागा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या तरुणांनी लिहावे. एका पत्राने काम झाले नाही तर दुसरे लिहा. त्या विधवेनेही तेच केले.

आजच्या मिस्सामध्ये कायदे करणाऱ्यांसाठी प्रार्थना करू या. परमेश्वर त्यांना गरिबांचे ऐकणारे कान देवो, आणि आपल्याला न थकणारे हात देवो. आमेन.