दावं कापलं की सोडलं?

सांगली,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मुली,


तुझं पत्र आणि कादंबरीची पहिली तीन प्रकरणं पोचली. तू लिहिलंयस, ‘मावशी, तीन वर्षं झाली, खर्डा संपत नाही. नेमाड्यांची कोसला म्हणे पंधरा-सोळा दिवसांत झाली.’ हे वाक्य वाचून मी चहा तसाच ठेवला आणि कागद घेतला.

‘कोसला’ १९६३ साली, नेमाडे पंचविशीत असताना, त्या वेगानं लिहिली गेली, हे खरं आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, हेही खरं. पण गुरुजींच्या आई गेल्या १९१७ साली. मधल्या पंधरा वर्षांचा हिशोब त्या पाच दिवसांत धरायचा की नाही? आणि श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत १९८७ साली आलं, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तेव्हा कुणाचे दिवस मोजत बसू नकोस. तुझी तीन वर्षं तुझ्या कादंबरीची आहेत.

माझं विचारशील तर मी पहाटे पाच ते आठ लिहिते. आखीव वही, फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवते, दुरुस्त्यांसाठी. दिवसाला दोन पानं झाली की उठते, अगदी लिहिण्याच्या भरात असले तरी उठते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते माहीत असतं. संध्याकाळी तीच पानं पडवीत फेऱ्या मारत मोठ्यानं वाचते. जीभ अडखळली की पेन्सिलीची खूण. हे मोठ्यानं वाचणं तू करत नाहीस, तुझ्या दुसऱ्या प्रकरणावरून लगेच कळतं. तिथली माणसं बोलत नाहीत, निवेदन करतात.

एक वाक्य दाखवते. महापुरावरच्या माझ्या कादंबरीत पाणी ओसरल्यावर बाई घरी परत येते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘त्या गढूळ पाण्यानं तिच्या साऱ्या संसारावर पाणी फिरवलं होतं.’ लिहिताना फार बरं वाटलं होतं. पडवीत वाचलं आणि लक्षात आलं, या वाक्यात मला काहीच दिसत नाहीये. चार महिने ते वाक्य तसंच होतं. मग शेजारच्या घरातली कोठी आठवली आणि डाव्या पानावर लिहिलं, ‘तिनं कोठीचं झाकण काढलं. वरचा गहू कोरडा होता. कोपरापर्यंत हात घातला, तर खालच्याला मोड आले होते.’ बाई रडली की नाही हे मग लिहावं लागलं नाही. तुझ्या नायिकेचे वडील जातात त्या प्रसंगात ‘आभाळ कोसळलं’ आहे. ते काढ आणि त्या दिवशी घरात काय काय तसंच राहिलं होतं, ते आठव.

आता नाव. तू सात नावं पाठवलीस आणि त्यांतली पाच कवितासंग्रहाची वाटतात. नाव हे पुस्तकावर चढवायचा दागिना नव्हे. ते बहुधा पुस्तकातच कुठंतरी, कुणाच्या तरी तोंडी असतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात जी कादंबरी क्रमशः छापली, तिचं नाव बघ: ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘यमूची कहाणी’ म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी घरातल्या बायका पदराआड जे पुटपुटत होत्या तेच मुखपृष्ठावर आणलं. त्यातला ‘पण’ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी पुष्कळ बोलून झालंय आणि कुणी ऐकलेलं नाही, हे त्या दोन अक्षरांत आहे. किरण नगरकरांनी १९७४ साली पाढाच चुकवला, ‘सात सक्कं त्रेचाळीस’. हिशोब कुठंतरी चुकलाय, हे पुस्तक उघडण्याआधीच कळतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’, सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’, हे शब्द तर गावाकडच्या रोजच्या बोलण्यातले. पुण्यामुंबईच्या वाचकाला कळेल का, ही भीती त्यांनी बाळगली नाही, आणि वाचकानं ते शब्द शिकून घेतले.

माझ्या त्या कादंबरीचं नाव दोन वर्षं ‘प्रलय’ होतं. मग काही महिने ‘कृष्णाकाठ हरवला’. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आमच्याकडं पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी. त्या दिवसांत सांगलीत कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नव्हतं. फोन लागला की पहिला प्रश्न, ‘किती फूट?’ दूधवाला, डॉक्टर, पुण्याहून मुलगा, सगळे तेच विचारत. खर्ड्यात तो प्रश्न एकोणीस ठिकाणी आला होता आणि मला दिसला नव्हता. टाइप करणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘मावशी, हे सारखं सारखं येतंय, काढू का?’ मी म्हटलं, काढू नकोस, वर मोठ्या अक्षरात टाक. प्रकाशकांचं म्हणणं पडलं की नागपूरच्या वाचकाला हे बांधकामाचं पुस्तक वाटेल. मी अडून बसले. तूही अडून बस, पण नाव सापडल्यावर. तोवर खर्ड्यावर नुसती तारीख घाल. आणि हे काम कर: तुझ्या कादंबरीतली माणसं एकमेकांना पुन्हा पुन्हा काय म्हणतात, ते सगळं एका कागदावर उतरवून काढ.

नाव ठरलं की संपादन. त्यात कमी पडू नकोस. ‘मौज’ प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका हस्तलिखितावर किती बसत, लेखकाला किती वेळा परत लिहायला लावत, हे आमच्या पिढीनं जवळून ऐकलं. आज तसा वेळ फार थोड्या ठिकाणी मिळतो. म्हणून तुझ्या बोलीचा एक आणि शुद्धलेखनाचा एक, असे दोन कडक वाचक तूच शोध. शेवटची मुद्रितं स्वतः तपास. माझ्या दुसऱ्या पुस्तकात एका प्रकरणाची चार पानं उलटसुलट बांधली गेली होती आणि ते मला एका वाचकाच्या पोस्टकार्डावरून कळलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. करारनामा सही करण्याआधी घरी आणून वाच, ऑडिओचे आणि अनुवादाचे हक्क कुणाकडं राहतात ते बघ. छापायला तुझ्याकडंच पैसे मागत असतील तर हस्तलिखित परत घे.

आणि आता ज्याची तुला लाज वाटते ते, पुस्तकाची जाहिरात. रील कर. खुशाल कर. फक्त ‘नक्की वाचा’ म्हणू नकोस, एक पान नीट वाचून दाखव. पुस्तक माणसांपर्यंत नेणं हे आपल्याकडं कधीच हलकं काम नव्हतं. ‘ग्रंथाली’ची माणसं ग्रंथयात्रा काढून गावोगाव पुस्तकं घेऊन गेली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्यांनीच काढलं. प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ हे एका संध्याकाळचं. माझी ११०० प्रतींची आवृत्ती त्यानं संपली नाही. ती संपली तालुक्याच्या वाचनालयांत. एसटीच्या टपावर नव्हे, मांडीवर वीस प्रतींचा गठ्ठा घेऊन मी पलूस, तासगाव, विटा केलं. कुठं तेवीस माणसं, कुठं नऊ.

पलूस तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलत होते, तेव्हा एक म्हातारी पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं, नातीनं वाचून दाखवलेलं. म्हणाली, ‘बाई, पाणी गोठ्यात शिरलं तवा त्या पोरीनं म्हशीचं दावं कापलं की सोडलं? तुम्ही नुसतं मोकळी केली म्हणता.’ मी म्हटलं, सोडलं असेल. तिनं मान हलवली. ‘भिजल्याली गाठ सुटत न्हाई. इळा लागतो. आन् अंधारात इळा सापडत न्हाई.’

परत येताना एसटीत मी तो परिच्छेद तिकिटाच्या मागं लिहायला लागले आणि जागा पुरली नाही. दुसऱ्या आवृत्तीत ती पोर अंधारात विळा शोधते, कमरेएवढ्या पाण्यात, दीड पान.

तिसऱ्या प्रकरणातला बाजाराचा प्रसंग फार चांगला आहे, त्याला हात लावू नकोस. दुसरं पुन्हा लिही आणि मोठ्यानं वाचून मगच पाठव. संक्रांतीपर्यंत थांबते.

तुझी,
मावशी