‘जर’-‘तर’ची नीति

व्याकरण हा विषय शाळेच्या चार भिंतींतच शोभतो, असा आपल्या सुशिक्षित समाजाचा समज दिसतो. परीक्षा संपली कीं व्याकरणाचें पुस्तक माळ्यावर जातें आणि मनुष्य व्यवहाराला लागतो. पण व्यवहार म्हणजे तरी काय? वचनें देणें, तीं पाळणें किंवा मोडणें, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून आपल्या संसाराची आंखणी करणें, हाच त्याचा मोठा भाग. वचनें तर क्रियापदांचींच बनलेलीं असतात. तेव्हां क्रियापदाच्या एखाद्या रूपाची चर्चा करतां करतां आपण नीतीच्या प्रश्नाशीं येऊन ठेपलों, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. असाच एक प्रश्न येथें विचारासाठीं घेतला आहे : भविष्याविषयीं ‘जर’-‘तर’ लावून बोलणारा मनुष्य कशाला बांधला जातो, आणि त्याचें बोलणें खरें कीं खोटें, हें कशावरून ठरवावें?

इंग्रजी शिकविणाऱ्याला एक चूक वर्षानुवर्षें भेटत असते. ‘पाऊस पडेल तर आम्ही पेरूं’ ह्याचें भाषांतर करतांना विद्यार्थी दोन्ही वाक्यांत भविष्यकाळ घालतो आणि ‘इफ इट विल रेन’ असें लिहितो. शिक्षक तांबड्या शाईनें तें ‘विल’ खोडतो व ‘इफ इट रेन्स’ असें करतो. ‘इफ’च्या वाक्यांत साधा वर्तमानकाळ, आणि मुख्य वाक्यांत ‘शॅल’, ‘विल’, ‘मे’, ‘कॅन’ यांपैकीं एखादें साहाय्यक क्रियापद, हा नियम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना सांगावयास नको. परंतु असें कां, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

ह्याचें एक समाधानकारक उत्तर त्या शब्दांच्या कुळांत सांपडतें. ‘विल’ हा शब्द मूळचा इच्छावाचक आहे आणि ‘शॅल’ हा मूळचा ऋणवाचक. ‘मी देणें लागतों’ हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे इंग्रजांनीं आपला भविष्यकाळ इच्छा आणि ऋण ह्या दोन धातूंवर उभारला. आतां पावसाला इच्छा नाहीं, आणि तो कोणाचें कांहीं देणेंही लागत नाहीं. म्हणून अटीच्या वाक्यांत त्याच्या गळ्यांत ‘विल’ बांधावयाचें नाहीं; त्याची घटना नुसती मांडावयाची. ‘इफ’च्या पाठीमागें ‘विल’ येतच नाहीं असें नव्हे. ‘इफ यू विल वेट’ हें वाक्य शुद्ध आहे. पण त्याचा अर्थ ‘तुम्ही थांबावयास राजी असाल तर’ असा होतो. जेथें इच्छा आहे तेथें ‘विल’ शोभतें. सारांश, अट ही जगाची बाजू आणि ‘तर’च्या पुढचें वाक्य ही बोलणाराची बाजू. साहाय्यक क्रियापद म्हणजे बोलणारानें आपल्या बाजूवर केलेली सही होय.

ही सही किती बारकाईनें तपासली जात असे, हें जॉन वॉलिस ह्याच्या १६५३ सालच्या व्याकरणावरून दिसतें. प्रथम पुरुषीं ‘शॅल’ म्हणजे नुसतें भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय व तृतीय पुरुषीं नेमकें उलट, असा त्यानें दंडक घालून दिला. बुडणाऱ्या परदेशी मनुष्याची जुनी गोष्ट ह्याच भेदावर रचलेली आहे. ‘मी बुडेन, मला कोणी वाचविणार नाहीं’ असें त्याला ओरडावयाचें होतें. परंतु ‘शॅल’ व ‘विल’ यांची अदलाबदल झाल्यामुळें ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर’ असा अर्थ झाला आणि कांठावरचे लोक स्वस्थ उभे राहिले! आज खुद्द इंग्रजी बोलण्यांतून हा भेद जवळजवळ मावळला आहे. पण भाकीत निराळें आणि वचन निराळें, हा मूळ विचार मावळण्यासारखा नाहीं.

मराठींत इतकीं साहाय्यक क्रियापदें नाहींत म्हणून ती दरिद्री ठरत नाहीं. ‘येईनच’, ‘येतों’, ‘येणार आहें’, ‘येईन’, ‘येईन म्हणतों’, ‘यावें असें मनांत आहे’, ‘बघूं’ हा आपला जिना पुरेसा लांब आहे. ‘बघूं’ ही त्याची शेवटची पायरी. ती उतरली कीं अंगण लागतें आणि वचन मागें राहतें.

अटीच्या बाबतींत तर मराठीची रीत इंग्रजीहूनही अर्थपूर्ण आहे. ‘पाऊस पडला तर पेरूं’ असें आपण म्हणतों. पाऊस अद्याप पडावयाचा आहे, पण क्रियापद मात्र भूतकाळाचें! ह्या रूपामागची मनोवृत्ति पाणिनीनें फार पूर्वीं ओळखली होती. एखाद्या गोष्टीची आशा मनांत असतां ती भविष्यांतील असूनही भूतकाळाच्या किंवा वर्तमानाच्या रूपानें बोलतां येते, असें त्याचें एक सूत्र आहे. आणि त्या सूत्राखालीं कौमुदीकारांनीं उदाहरण दिलें आहे तें पावसाचें आणि पेरणीचेंच. उलट, जी गोष्ट घडावयाची नाहीं असें बोलणारास वाटतें तिच्यासाठीं पाणिनीनें लृङ् हा स्वतंत्र लकार सांगितला. त्याचेंही प्रसिद्ध उदाहरण सुवृष्टि आणि सुभिक्ष यांचें आहे. आपला ‘पाऊस पडता तर पेरलें असतें’ हा संकेतार्थ त्याच जातीचा. म्हणजे एकाच पावसाविषयीं दोन वाक्यें : एक आशेचें, एक आशा सोडल्याचें.

हीं दोन्ही वाक्यें ज्याला रोजच्या बोलण्यांत ऐकावयाचीं असतील त्यानें नांदगांवास यावें. मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील हें तालुक्याचें ठिकाण. सह्याद्रीवर रिते झालेले ढग येथवर येतात ते बहुधा सावली देण्यापुरतेच. गिरणेवरचें मोठें धरण ह्याच तालुक्यांत १९६९ सालीं पुरें झालें, पण त्याच्या पाण्याचा मोठा वांटा खालीं जळगांव जिल्ह्याच्या शेतीला जातो. बाजरी, मका, कापूस, कांदा हीं पिकें आभाळाकडे डोळे लावून असतात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत नांदगांव होतें. अशा मुलखांत भविष्यकाळाचें वाक्य पावसावांचून पुरें होत नाहीं. पाऊस झाला तर विहिरीचें काम काढूं. पाऊस झाला तर दुकानाची उधारी फेडूं. पाऊस झाला तर पोरीला नाशिकला शिकावयास धाडूं.

ह्या शेवटच्या वाक्यापाशीं थोडें थांबावें. समजा, दोन घरांतील दोन बापांनीं वैशाखांत हेंच वाक्य आपापल्या मुलीस सांगितलें. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि दोन्ही मुली घरींच राहिल्या. दोन्ही बापांचीं वचनें सारखींच खरीं मानावयाचीं काय?

तर्कशास्त्राला विचारल्यास तें ‘होय’ म्हणेल. ग्रीक तर्कपंडित फिलो ह्याचें मत असें होतें कीं, ‘जर’-‘तर’चें वाक्य एकाच प्रसंगीं खोटें ठरतें : अट पुरी झाली आणि फळ मात्र आलें नाहीं तर. अट पुरीच झाली नाहीं तर वाक्य खरेंच. आजच्या औपचारिक तर्कशास्त्रानेंही हाच अर्थ आपल्या सोयीसाठीं स्वीकारला आहे. कायद्याचीही दृष्टि फारशी निराळी नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचीं ३१ ते ३६ हीं कलमें घटनेवर अवलंबून असलेल्या करारांविषयीं आहेत. ती घटना घडेपर्यंत अशा कराराची अंमलबजावणी मागतां येत नाहीं, आणि घटना अशक्य झाली कीं करार निरर्थक होतो. दोन सरळ रेषांनीं जागा वेढली गेली तर हजार रुपये देईन, असा करारही तेथें उदाहरणादाखल दिला आहे. तो अर्थातच रद्द! तेव्हां न पडलेल्या पावसानें दोन्ही बाप सारखेच मोकळे होतात.

परंतु आपलें मन हा निकाल मान्य करीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. कारण त्या दोन घरांत आणखी थोडें डोकावून पाहूं. पहिल्या बापानें वैशाखांतच कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. नाशिकला राहावयाची सोय कोठें होईल ह्याची चौकशी केली होती. गिऱ्हाईक आलें असतांही एक कालवड फीसाठीं म्हणून राखली होती. दुसऱ्या बापानें त्याच महिन्यांत मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू केली होती. वाक्य एकच, अट एकच, परिणामही एकच. पण पहिला खरें बोलत होता आणि दुसरा खोटें. दुसऱ्याचें खोटें पावसानें झांकलें, एवढेंच.

माझें म्हणणें तें हेंच. सशर्त वचनाचा खरेपणा अट पुरी होण्याची वाट पाहत नाहीं. तो वचन दिलें त्या दिवसापासूनच आपल्या तयारींत दिसत असतो. शेतकऱ्याला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. ‘पाऊस पडला तर पेरूं’ असें जो म्हणतो त्याची जमीन नांगरलेली असते आणि बियाणें घरांत असतें. बियाणें घरांत नसतांना तेंच वाक्य कोणी बोलला, तर पाऊस पडण्यापूर्वींच त्याचें बोलणें खोटें झालें, असें गांवांतील लहान मूलही सांगेल.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, अनिश्चित गोष्टीसाठीं तयारी करणें ही सुखवस्तूंची चैन आहे. ज्याच्या घरीं उद्यांची भ्रांत त्यानें कालवड कशी राखावी? आक्षेप पोकळ नाहीं. पण तयारी म्हणजे नेहमींच पैसा नव्हे. एक अर्ज, एक चौकशी, आणि निदान विरुद्ध दिशेनें पाऊल न टाकणें, इतकें गरिबालाही करतां येतें. आणि ज्याला तेंही करावयाचें नाहीं त्याला ‘पाऊस पडला तरी पाठविणार नाहीं’ असें स्पष्ट सांगण्याची वाट मोकळी आहे. तें कठोर खरें. पण त्यानें मुलीला दर सायंकाळीं आभाळाकडे पाहत बसावें लागत नाहीं.

खरी लबाडी गरिबाच्या ‘जर’मध्यें कमी आणि आपल्या मध्यमवर्गीय ‘जर’मध्यें अधिक आहे. नांदगांवच्या शेतकऱ्याची अट त्याच्या हातांत नसते. आपण मात्र आपल्याच हातांतील गोष्टी अटीच्या घरांत नेऊन बसवितों. ‘वेळ मिळाला तर येऊं’, ‘जमलें तर पाठवूं’, ‘आठवण राहिली तर विचारूं’. वेळ, जुळवाजुळव आणि आठवण ह्या कांहीं मृगाच्या सरी नव्हेत. तेथें ‘जर’ घालणें म्हणजे आपल्या इच्छेला हवामानाचें सोंग देणें होय. इंग्रजी व्याकरण पावसावर इच्छा लादूं देत नाहीं. आपण इच्छेवर पाऊस लादतों.

म्हणून ‘जर’ उच्चारण्यापूर्वीं स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. ही अट खरोखरच माझ्या हाताबाहेरची आहे काय? आणि ती उद्यां पुरी झाली, तर माझ्या घरांत बियाणें आहे काय? पहिल्याचें उत्तर नकारार्थी असेल तर ‘जर’ काढून टाकावा आणि ‘येतों’ किंवा ‘येत नाहीं’ असें सरळ म्हणावें. दुसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल तर ‘तर’च्या पुढचें वाक्य गिळावें. दोन्ही कसोट्यांना उतरलेलें वचन पावसाअभावीं फळाला आलें नाहीं, तरी तें देणाऱ्यास मान खालीं घालावी लागत नाहीं. ज्या मुलीचा अर्ज भरलेला असतो तिला पुढच्या वर्षाच्या मृगाविषयीं बापाशीं पुन्हां बोलतां येतें, आणि तो काय म्हणेल ह्यावर तिला विश्वास ठेवतां येतो.