डीएनएतली शेती

‘शेती आमच्या डीएनएतच आहे.’ प्रचारसभा असो की बियाण्याची जाहिरात, नाशिककडे हे वाक्य आता सर्रास कानावर येतं. पूर्वी त्या जागी ‘रक्त’ असायचं. रक्ताचा दाखला देणारा निदान विज्ञानाला साक्षीला ओढत नसे. आणि थोरवी डीएनएत साठत असेल, तर पहिला मान कांद्याला द्यावा लागेल. त्याचा जीनोम सुमारे १६ अब्ज अक्षरांचा, म्हणजे आपल्या पाचपट!

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सगळा मान प्रथिनांचा होता. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून घडणारे हे रेणू इतके नानाविध, की आनुवंशिकताही त्यांच्यातच असणार असं बहुतेकांनी धरलं होतं. चार अक्षरांचा डीएनए त्यांच्यापुढे अगदीच नीरस वाटे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, केंब्रिजमध्ये बटाट्यातल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करत होत्या, तो हाच काळ. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे १९४४चा एव्हरी, १९५३चे वॉटसन आणि क्रिक, आणि आनुवंशिकतेचा मान डीएनएकडे आला. ते सगळ्यांना पाठ आहे.

घोळ त्यानंतरचा. सप्टेंबर १९५७मध्ये फ्रान्सिस क्रिकने लंडनला एक व्याख्यान दिलं. त्यात मांडलेला ‘मध्यवर्ती सिद्धान्त’ आज वर्गावर्गांत असा सांगितला जातो: डीएनए हुकूम सोडतो, आरएनए निरोप पोचवतो, प्रथिनं राबतात. ही पाटलाच्या वाड्याची गोष्ट झाली. क्रिकचं म्हणणं फार मोजकं होतं. क्रमाची माहिती एकदा प्रथिनात उतरली, की तिथून ती मागे फिरत नाही. मालक कोण आणि गडी कोण, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणून तर १९७०मध्ये आरएनएवरून डीएनए घडवणारं विकर सापडलं आणि सिद्धान्त कोसळल्याची आवई उठली, तेव्हा ती वाट आपण बंद केलीच नव्हती, हे क्रिकला सहज दाखवता आलं. मालकीचं म्हणाल, तर १९६१मध्येच जेकब आणि मोनो यांनी जनुकांना लगाम घालणारा रेणू असतो हे मांडलं होतं. तो रेणू प्रथिन निघाला. डीएनएवर बसून जनुक बंद ठेवणारं प्रथिन!

हे पटत नसेल त्याने लासलगावला जावं. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे २००२मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केलं. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा कांद्याला पुरते. वाढत्या टोकाच्या पेशींमधला डीएनए तुटतो, पेशींचं विभाजन थांबतं आणि कोंब फुटत नाही. तरी तो कांदा कापा, डोळ्यांत पाणी येतंच. कारण झोंबण्याचं काम आधीच घडून बसलेल्या प्रथिनांचं आहे. अलिनेज हे विकर पेशीच्या रिक्तिकेत असतं आणि ते ज्याच्यावर काम करतं ते द्रव्य बाहेर. सुरीने मधला पडदा फाटला की दोघांची गाठ पडते. त्यातून निघालेल्या द्रव्याची झोंबरी वाफ करणारं दुसरं विकर जपानी संशोधकांनी शोधलं, तेही २००२मध्येच. कोणता रेणू कुठे आहे, कोणत्या घडीत आहे आणि शेजारी कोण आहे, यावर इथे सगळं ठरतं.

कुणी म्हणेल, पण त्या कांद्याला डोंगळे येणार नाहीत, त्याचा वंश तिथेच खुंटला. खरं आहे. वारसा डीएनएतून जातो, हे कोण नाकारतं? प्रश्न आहे वारशात काय जातं याचा. उन्हाळ कांदा किती माना पडल्यावर काढायचा, चाळीत वारा कसा खेळता ठेवायचा, हे आजोबांनी जन्मभर खपून मिळवलेलं शहाणपण डीएनएच्या क्रमात उतरायचं, तर माहितीला नेमकं मागे फिरावं लागेल. क्रिकने बंद आहे म्हणून सांगितलेली वाट याच दिशेची. नातवाला ते शहाणपण मिळतं बांधावर, आजोबांच्या मागे हिंडून आणि त्यांची बोलणी खाऊन.