सव्वा माप

करणाऱ्याने चव घ्यायची नाही, असे पदार्थ स्वयंपाकघरात फार थोडे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा केळे घातलेला शिरा हा त्यांतला एक. एरवी चुलीपुढच्या प्रत्येक कृतीत अखेरचा निवाडा जिभेचा असतो. आमटीत मीठ बेताचे आहे की नाही हे तळहातावरच्या थेंबाने ठरते आणि उणे असेल ते पानात वाढण्याआधी भरून काढता येते. प्रसादाच्या कढईपुढे उभ्या राहणाऱ्याला हा आधार नसतो. नैवेद्य दाखवून होईपर्यंत तो उष्टावायचा नाही, म्हणून त्याच्यापाशी उरतात ते डोळे, नाक, कान आणि हाताला लागलेले वळण. आपली निर्मिती कशी झाली हे इतरांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्यानंतर, आपल्याला कळावे, ही अट किती कलावंतांना मानवेल, असा प्रश्न मला या शिऱ्यापाशी नेहमी पडतो.

हा शिरा मी पाहतो तो सुरतेत. मराठी मनाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 सालच्या स्वाऱ्यांमुळे. पाठ्यपुस्तकातला मराठी माणूस तिथे घोड्यावरून येतो आणि लगोलग परततो. पण त्यानंतरचा, बखरीत न आलेला मराठी माणूस खानदेशातून तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने आला, यंत्रमागावर उभा राहिला आणि उधना-लिंबायतच्या बाजूला घर करून राहिला. अशाच एका घरात माझी आत्या श्रावणात हा शिरा करते. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यानेच लाभते, अशी गुजरातीत म्हण आहे. जिभेचे लाड करणाऱ्या त्या नगरीत आत्या जीभ आवरून उभी असते आणि तुपात रवा परतताना रंगाकडे पाहायच्या आधी वासाकडे लक्ष देते, कारण रवा खमंग झाल्याची वार्ता नाकाला डोळ्यांपेक्षा किंचित आधी पोचते. सालीवर काळे ठिपके आलेली, आतला पिष्टांश साखरेत उतरलेली केळी ती चकत्या करून त्या तुपातच सोडते; मग चुरचुर मंदावते, उकळते दूध पडते, वाफ येते, रवा फुलतो आणि त्यानंतरच साखर, कारण ती आधी पडली तर तीच दूध ओढून घेते आणि रवा कोरडाच राहतो. कडेने तूप सुटू लागले की ती गॅस बंद करते आणि वर तुळशीचे पान ठेवते. या साऱ्यात कुठेही चाखणे नाही; आहे ती केवळ दीर्घ अभ्यासातून आलेली निःशंकता, आणि ती पाहताना वाटते की कौशल्य परिपक्व होते तेव्हा त्याला स्वतःची खातरजमा करून घेण्याची तहान उरत नाही.

जिभेच्या जागी इथे माप येते. सत्यनारायणाची व्रतकथा स्वतःला स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणवते. रेवा म्हणजे नर्मदा, जी सुरतेच्या उत्तरेला भडोचपाशी समुद्राला मिळते. त्या कथेच्या पहिल्याच अध्यायात नैवेद्याची सामग्री येते: केळे, तूप, दूध, गव्हाचे पीठ, आणि सारे सव्वा मापाने. त्याच श्वासात कथा पुढे सांगते की गहू नसेल तर तांदळाचे पीठ चालेल, साखर नसेल तर गूळ. मला या सवलतीचे नवल वाटते. विधी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काटेकोरपणा उभा राहतो, आणि इथे तर विधानाच्या पोटातच अभावाची तरतूद! शेजारच्या गुजराती घरातला प्रसाद गव्हाच्या पिठाचा असतो, आत्याचा रव्याचा. परदेशातल्या मराठी घरांत रव्याच्या जागी क्रीम ऑफ व्हीट येते. यांतले कुणीच परंपरेबाहेर गेलेले नसते, कारण ही परंपरा वस्तूंपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधात वसलेली आहे, आणि वस्तू बदलल्या तरी संबंध राखता येतात.

केळीचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती एकदाच निसवते, घड उतरला की खोड तोडले जाते, आणि बुंध्याशी उगवलेले पिल तिचा संसार पुढे चालवते. खानदेशातला शेतकरी त्यावरच पिलबाग धरतो. आपल्या खाण्यातल्या केळ्यात बी नसते, म्हणून प्रत्येक नवे रोप हे जुन्याचीच अक्षरशः पुनरावृत्ती असते. जे अमरत्व माणूस तपश्चर्येने मागतो ते या वनस्पतीला सहज लाभले आहे, असे क्षणभर वाटते; पण त्या अमरत्वाची किंमत जबर आहे. एकाला जे मारते ते सर्वांना मारू शकते. ग्रो मिशेल ही एके काळी जगाच्या बाजारावर राज्य करणारी जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने व्यापारातून जवळपास पुसली गेली आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांनी घेतली. जळगाव-रावेरच्या बागांतून आज दिसणारी ग्रँड नैन याच गटातली, आणि तिलाही न सोडणारा त्या रोगाचा नवा प्रकार भारतात ज्या ठिकाणी आढळला त्यांत बुऱ्हाणपूर आणि सुरत ही दोन्ही नावे आहेत. मुलताईला उगम पावलेली सूर्यकन्या तापी बुऱ्हाणपुरावरून, रावेर-यावलच्या केळीबागांना वळसा देत सुरतेपाशी सागराला मिळते. एकाच नदीच्या काठी फळही आणि त्याची भीतीही. जे जसेच्या तसे स्वतःला पुढे धाडते ते बलाढ्य दिसते खरे, पण बदलण्याची कला त्याने कधी शिकलेलीच नसते.

म्हणून घराण्याचा पदार्थ जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, याचे उत्तर मला केळीपेक्षा शिऱ्यात सापडते. आजीची पितळी कढई, आईचे लोणकढे तूप, अमक्याच दुकानचा रवा यांच्या अट्टहासाने पदार्थ पिलबागेसारखा होतो. हुबेहूब, आणि म्हणूनच एका आघातात संपणारा. काळ हा मुळात अभावाचेच दुसरे रूप आहे: तो माणसे नेतो, भांडी नेतो, गावे बदलतो. ज्या वारशाने अभाव गृहीत धरला आहे तोच त्याच्यासमोर टिकतो. ज्यांनी त्या कथेत गव्हाच्या पाठोपाठ तांदळाचे नाव घातले, त्यांना केव्हातरी कुणाच्या घरी गहू नसेल हे ठाऊक होते, आणि त्या घरीही प्रसाद व्हावा अशी त्यांची इच्छा होती.

आणि तो वरचा पाव? घरच्यांना एक माप पुरे असते. सव्व्यातला पाव मोजणीत न आलेल्यांचा असतो, कथा संपता संपता दारात आलेल्या शेजाऱ्याचा, तिसऱ्या पाळीवर निघालेल्या भाडेकरूचा, जिन्यात खेळणाऱ्या अनोळखी मुलांचा. करणाऱ्याने चव न घेणे आणि हिशेबाबाहेरचे माप घेणे, ही दोन्ही एकाच वृत्तीची अंगे आहेत. दोन्हींत मी थोडा मागे सरतो आणि दुसऱ्याला जागा होते.

तेव्हा पुढच्या पिढीला हा शिरा शिकवायचा असेल, तर सामानाची यादी लिहून देऊ नका. तिला शेजारी उभे करा, वास कधी बदलतो ते कळू द्या, काय नसेल तर काय चालेल ते मोकळेपणाने सांगा. फक्त माप सव्वाच धरायला लावा. त्यात तडजोड नको.